खाडीवरच्या बत्तीवाल्याचा वार्षिक शेरा

खाजणवाडी ग्रामपंचायतीच्या आस्थापनेवर कर्मचारी एकच होता, गंगाराम. सकाळी कचेरी झाडायची, दुपारी दवंडी पिटायची आणि दिवस मावळताना खाडीच्या मुखाशी बत्ती लावायची, ही त्याची कामं. त्या बत्तीमुळे परतणाऱ्या होड्या वाळूच्या दांड्यावर चढत नसत. सरपंच गुरुदासची होडीही त्याच उजेडाने घरी येई. गंगारामला वाईट म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. ते तालुक्याने पुरवलं.

जिल्हा परिषदा तेव्हा नव्याकोऱ्या होत्या. परिपत्रक आलं की प्रत्येक ग्रामपंचायतीने कर्मचाऱ्यांच्या कामाचे मूल्यमापन करून सर्वांत उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा सत्कार करावा व सर्वांत असमाधानकारक कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करावे.

गुरुदास धावत तालुक्याला गेला.

"साहेब, आमच्याकडे माणूस एकच आहे."

"मग निवड सोपी आहे," साहेब म्हणाले.

"उत्कृष्ट तोच, साहेब. पण असमाधानकारक कोण?"

"त्याच्यापेक्षा वाईट काम करणारा तुमच्याकडे कोणी आहे?"

"नाही."

"मग?"

गुरुदास कोणालाही दुखवायला न धजणारा माणूस. म्हणून तर गावाने त्याला बिनविरोध निवडला होता. त्याने आपली जबाबदारी गावच्या रीतीप्रमाणे देवीवर टाकली. गुरवाने पाषाणाला ओल्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि उजवी कळी टपकन पडली. उजवा कौल! गंगारामला ठेवायचा! गुरुदासने आनंदाने तसं कळवलं. उत्तर आलं : 'श्रीदेवींचा अभिप्राय उत्कृष्ट या सदराखाली नोंदवून घेतला आहे. असमाधानकारक या सदराखाली अभिप्राय देण्यास श्रीदेवी सक्षम अधिकारी नाहीत.'

मग एकाच मांडवात दोन्ही समारंभ उरकले. गंगारामला शाल दिली, नारळ दिला, हार घातला आणि पाठोपाठ बडतर्फीचा हुकूम हातात ठेवला.

"गुरुदासा, मी खंय चुकलंय रे?"

"चुकलंस खंय? पयलो इलंस तू."

"मगे?"

"शेवटचो पण तूच इलंस."

हे बोलताना गुरुदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी बायको सुभद्रा वाटच पाहत होती.

"तो हार घालून घराक गेलो. आता बत्ती कोण लावतलो? तुमचा परिपत्रक?"

त्याच संध्याकाळी सरपंचाची होडी दांड्यावर चढली. नवा माणूस नेमावा, तर तालुक्याने त्याच्या याच जागेवरच्या गेल्या वर्षीच्या समाधानकारक कामाचा दाखला मागितला. शेवटी गावाने बत्तीची पाळी लावली. रोज एक घर जाऊन बत्ती लावी. गंगारामही आपल्या पाळीला जाई, आता फुकट. पगार शून्य आणि उजेड कायम, हे पाहून तालुका इतका हरखला की साहेब स्वतः येऊन खाजणवाडीला आदर्श ठरवून गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गंगारामनेही वाजवल्या, कारण न वाजवणारा डोळ्यांवर आला असता.

पुढल्या वर्षअखेरीस पुन्हा परिपत्रक आलं. गुरुदासने ते देवळासमोर ग्रामसभेत वाचलं. 'आपल्या गावी बत्तीचे काम सर्व ग्रामस्थ करीत असल्याने सर्व ग्रामस्थांचे मूल्यमापन करून, सर्वांत असमाधानकारक ग्रामस्थास गावातून कमी करावे.'

वाचून तो थांबला. लोक हसतील, निदान साहेबाच्या नावाने शिव्या तरी घालतील, अशी त्याची आशा होती. कोणी हसलं नाही. जो तो तिरक्या नजरेने शेजाऱ्याकडे बघत होता.

मागून गंगाराम म्हणाला, "देवीक कौल लावया."

"देवीक कित्याक त्रास?" पुढे बसलेली यशोदा म्हणाली. तिची नजर शेजारच्या नर्मदेवरून हलली नव्हती.

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येकाकडे एक नाव तयार होतं. गुरुदासने मान खाली घातली, कारण त्याच्याकडेही होतं.

आणि खोटं कशाला बोला? वाचता वाचता तुम्हालाही एक आठवलंच.