बंद करायचं नाही!

आमचे खरातसाहेब चालू असलेली कोणतीही वस्तू बंद करीत नसत. पुणतांब्याच्या बाजारात कोथिंबीर घ्यायला उतरले तरी स्कूटर रस्त्यात धडधडत उभी. भाजीवाली ओरडायची, "सायेब, धूर लई व्हतोय, बंद करा की!" साहेब जुडीतली पिवळी पानं निवडत म्हणायचे, "बंद करायचं नाही. पुन्हा चालू होईल याची खात्री तुम्ही देता का?" भर थंडीत अंगात स्वेटर आणि डोक्यावर गरगरणारा पंखा. कारखान्याच्या वसाहतीत सगळे त्यांना चक्रम म्हणत. म्हणोत बापडे. शहाणा कोण हे आमच्या वसाहतीला विचारायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

खरात हे आमच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागाचे प्रमुख, आणि मी शेतकी विभागात कारकून. कोणाच्या शेतातला ऊस कधी तुटला, काट्यावर किती भरला, हे सगळं त्यांच्या सर्व्हरमध्ये. त्या कपाटाएवढ्या यंत्रात पाच हार्ड डिस्क ओळीने बसवलेल्या होत्या. "पाचातली एक गेली, तरी तिच्याकडचं सगळं उरलेल्या चौघींना मिळून आठवतं," साहेब घरच्या मुलींचं कौतुक करावं तसं सांगायचे. "आणि दुसरीही गेली तर?" मी एकदा विचारलं. "मग कोणालाच काही आठवत नाही," म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

सत्त्याण्णवच्या हंगामात, गाळप ऐन भरात असताना, एका सकाळी ते यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. एक डिस्क गेली होती. नक्कल ठेवायचं टेपचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. म्हणजे आता आणखी एक डिस्क दगावली, तर अख्ख्या हंगामाची वजनं पुसली जाणार. काटा थांबवला. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

पुण्याहून इंजिनीअर नवी डिस्क घेऊन आला. त्याने कपाटाचं दार उघडलं आणि नुसता बघत राहिला. प्रत्येक डिस्कवर एक बारीक दिवा असतो. जिवंत डिस्कचा हिरवा, गेलेलीचा पिवळा. पण आमच्या पाचही दिव्यांवर कुंकवाचे जाड ठिपके वाळून बसले होते. खंडेनवमीला शिपाई सखारामने यंत्राची पूजा केली होती.

"दिवा दिसला तितं बोट टेकलं," सखाराम म्हणाला. "चुकलं का काय आमचं?"

"शटडाउन घेऊ," इंजिनीअर म्हणाला. "एकेक काढून तपासतो." कार्यकारी संचालक स्वतः आले होते. त्यांनीही मान डोलावली. "खरात, करा बंद."

खरातसाहेब यंत्राला पाठ लावून उभे राहिले. "बंद करायचं नाही."

"खरात!"

"या डिस्क वर्षानुवर्षं अखंड फिरतायत. एकदा थांबल्या की उठतीलच असं नाही. विचारा यांना."

इंजिनीअरने चाचरत कबूल केलं, "जुन्या डिस्कचं होतं तसं कधीकधी."

"आणि चालू यंत्रातून चुकून चांगली डिस्क ओढली तर?" संचालकांनी विचारलं.

"तर मला घरी पाठवा. आत्ताच लिहून देतो. पण यंत्र बंद करायचं नाही."

एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणारं कोणी मी त्या कारखान्यात पहिल्यांदाच बघत होतो. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

इंजिनीअर रुमाल ओला करून कुंकू पुसायला पुढे झाला, तर सखारामने त्याचा हात धरला. "चालत्या मशीनचं कुकू पुसता व्हय? अपशकुन हाय सायेब!" सगळे हसले. खरातसाहेब हसले नाहीत. "सखारामचं ऐका," ते म्हणाले. "सगळ्यांचं पुसायचं नाही."

त्यांनी डोळे मिटले आणि बोटाची टोकं पहिल्या डिस्कवर ठेवली. "ही फिरतेय." मग दुसरी, तिसरी. चौथीवर बोटं टेकवून ते बराच वेळ उभे राहिले. "हिच्यात काही नाही," म्हणाले. तेवढ्या एकीचं कुंकू त्यांनी ओल्या अंगठ्याने हळूच पुसलं. खाली पिवळा दिवा होता.

यंत्र चालू असतानाच त्यांनी ती डिस्क ओढली आणि नवी बसवली. चौघी तिला गेलेलीचं सगळं सांगायला लागल्या. सखारामने नवीलाही कुंकू लावलं, या खेपेला दिव्याला वळसा घालून. संचालक निघाले आणि जाताना सवयीने पंखा बंद करून गेले. साहेबांनी तो लगेच लावला.

संध्याकाळी नवीचा दिवा हिरवा झाला, तेव्हा साहेब मला चहाला घरी घेऊन गेले. ते एकटेच राहत. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी मी नोकरीला लागायच्या आधीच गेलेल्या. घराला कुलूप होतं, तरी आत रेडिओ बाजारभाव सांगत होता. त्यांनी चहा ठेवला. आज मनसोक्त गप्पा मारू म्हणून मी रेडिओच्या बटणाला हात घातला.

"बंद करायचं नाही!"

दुपारी संचालकांना ऐकवलेला तोच आवाज. मी हात मागे घेतला. साहेब खुर्चीत बसले.

"सुमनला रेडिओ लावून झोपायची सवय होती," ते म्हणाले. "मी बंद केला की लगेच जागी व्हायची. 'ऐकत होते ना मी!' म्हणून भांडायची. तिला उठवायची माझी तीच पद्धत. त्या सकाळी चहा झाला आणि मी रेडिओ बंद केला. ती उठली नाही."

रेडिओवर कांद्याचे भाव संपून भजन लागलं होतं. स्वयंपाकघरात चहा उतू जायला लागला. मी उठलो आणि गॅस बारीक केला. बंद मात्र केला नाही.