बँडातली बाई

मानसिंग स्वतःची ओळख करून देण्याआधी घसा साफ करायचा. "साताऱ्यापासून सांगलीपर्यंत माझ्या नजरेतून सुटलेला गुन्हेगार अजून जन्माला यायचाय." हे अगदी खरं होतं, कारण त्याच्या नजरेसमोर गुन्हेगार कधी आलाच नव्हता. पलटणीत हा गुप्तहेर बटाटे सोलायचा, हे फक्त त्याचा मेहुणा नाथाजी जाणून होता. नाथाजी भिंग सांभाळायचा आणि तोंडही.

१९७६ साली सांगलीजवळच्या मळ्यातून भाऊसोचं बोलावणं आलं. त्याचा पूर्वी हौशी बँड होता. घरातल्या तालमी त्यानं टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या होत्या. माळा झाडताना त्या फिती सापडल्या आणि त्यानं हौसेनं बायकोला एक ऐकवली.

"बना, तू बाळंतपणाला खंडाळ्याला गेलीस न्हवं, तवाची हाय ही."

एवढं बोलून होतंय तोच फितीत एक बाई गाऊ लागली. बँडात तर सगळे पुरुषच होते. मानसिंग आणि नाथाजी पोचले तेव्हा बनाबाईनं ट्रंक भरून दारात ठेवली होती. संध्याकाळच्या एसटीनं ती पोरासकट कायमची माहेरी निघणार होती.

"आवं, मीच गात होतो," भाऊसो रडकुंडीला आला.

"गुन्हेगार बाईचं गाणंसुद्धा स्वतःच्या अंगावर घेतो. नाथाजी, लिहून घे."

नाथाजीकडे पेन्सिल नव्हती. त्यानं मान हलवली.

मानसिंगनं फितीचा वास घेतला. "अत्तर."

"उंदीर," नाथाजी म्हणाला.

फीत पुन्हा लागली. भाऊसोचा आवाज, मग बाईचा.

"बांगड्या ऐकू आल्या?"

"झांजा हायत त्या, दाजी."

"आणि बाई आत येताच ढोलकीवाला कसा उधळला बघ. सगळा बँडच पळत सुटलाय. पुरुषाची जात, गड्या! बाई तरुण आहे, गोरी आहे आणि डावखुरी आहे."

"डावखुरी कशावरनं?" बनाबाईनं विचारलं.

"ते शेवटी सांगेन."

बनाबाईनं पोराला टोपरं घातलं. भाऊसो ट्रंकेवरच बसला. एवढ्यात त्याची आई अंबूबाई चुंबळ झटकत उठली. "तुमचं चालू द्या. माझा ऊस वाळतोय," म्हणत तिनं बाहेर जाऊन विहिरीवरची मोटर चालू केली.

घरातला दिवा मिणमिणला. टेपरेकॉर्डरची चाकं रेंगाळली. बाईचा आवाज जाड होत होत खाली आला आणि तिच्या गळ्यातून चक्क भाऊसो गाऊ लागला. ढोलकीसुद्धा शहाण्यासारखी वाजू लागली.

"बाईनं वेषांतर केलं!" मानसिंग ओरडला.

"गप बसा, दाजी. तालमीच्या वक्ताला मोटर लागली असणार. वीज कमी पडली, यंत्र मंद चाललं. तसं भरलेलं गाणं आता पुऱ्या विजेवर लावलं की पळतंय आन आवाज चढतोय. आत्ता परत मोटर लागली, म्हनून खरा आवाज निघाला."

"व्हय की," अंबूबाई दारातून म्हणाली. "ही बँडाची पोरं आरडायला लागली की मी मोटरीवर जायची. तेवढाच आवाज झाकायचा."

बनाबाई फितीला कान लावून बसली होती. वरच्या सुराला आवाज फाटला, तशी ती म्हणाली, "हे त्येच. असं बेसूर दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई."

भाऊसोला कौतुक झाल्यासारखं वाटलं. त्यानं घाईनं ट्रंक आत नेली. मानसिंगनं भिंग पुसलं आणि प्रकरण आपण सोडवल्याचं जाहीर केलं.

बनाबाईनं पोराचं टोपरं काढलं, थोडा वेळ नवऱ्याचं गाणं सोसलं आणि दाराकडं तोंड करून हाक मारली.

"आत्याबाई, मोटर बंद करा वं जरा. ती बाईच बरी गात होती."