वानखडे काकांचा अणू

लग्न असो की मयत, निघताना वानखडे काका जमलेल्यांकडे वळून विचारायचे, "कोणाला काही शंका?" एका मयतीला खरंच कोणीतरी हात वर केला. काकांनी त्याच्यासाठी अर्धा तास काढला.

मुंबईच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत येणाऱ्या शाळेच्या पोरांना आणि पाहुण्यांना अणुभट्टी हिंडून दाखवायची, समजावून सांगायची, ही त्यांची नोकरी. सुमनकाकू गेल्या, मागोमाग निवृत्ती आली आणि काका डोणगावला आमच्या शेजारी येऊन राहिले. नोकरी सुटली, सवय सुटेना. आमच्या चुलीपुढे खडूची रेघ ओढून ते आईलाच सांगायचे, "कृपया रेषेच्या मागे उभे राहा."

"मंग भाकरी कोन टाकीन, भाऊजी? तुमी?" आई म्हणायची.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच. अणू म्हटला की गावाला फक्त बाँब आठवायचा. "अबे, थो मारतेच काऊन? बरंही करते ना!" काका चहाच्या हॉटेलात बसून कळवळून सांगायचे. लोक काकांच्याच पैशानं चहा पिऊन माना डोलवायचे.

शेवटी काकांनी गल्लीगल्लीतून उंदरांचे सापळे जमवले, शाळेच्या ओसरीवर मांडले आणि प्रत्येकावर बोर ठेवलं. एक सापळा उडाला की त्याचं बोर दुसऱ्यावर पडणार, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. अणू असेच एकमेकांना फोडत जातात, आणि भट्टीत त्यांना आवर कसा घालतात, हे ते सांगणार होते. पण आवर घालायच्या आधीच मास्तरांची बकरी बोरांच्या वासानं ओसरीवर चढली. फटाफट सापळे उडाले, बोरं अंगावर आली, पोरं सैरावैरा पळाली आणि बकरी ओरडत थेट मेहकरच्या रस्त्याला लागली. भाषणाचा उत्तरार्ध ऐकायला कोणी उरलंच नाही. सापळे घरोघर परत जाईपर्यंत उंदरांची मात्र दिवाळी झाली.

आम्ही पोट धरून हसलो. आई हसली नाही, कारण तिच्या गळ्यात तेव्हा गाठ आली होती. पुढं डॉक्टर म्हणाले, नागपूरला नेऊन किरणांचा शेक द्या, वेळेत नेलं तर वाचतील.

"किरनं म्हन्जे भाऊजीच्या त्या अणूचेच ना?" आईनं विचारलं. हो म्हटल्यावर ती हटून बसली. "म्या नाही जात. त्या बोरायवानी माह्या आंगात फुटत राहीन थे."

मी तणतणत काकांकडे गेलो. "काका, तुमच्या सापळ्यायनं केलं हे. आता तुमीच समजावा तिले."

मला वाटलं, खडू घेऊनच निघतील. ते रिकाम्या हातानं आले आणि आईसमोर जमिनीवर बसले.

"वहिनी, आमच्या सुमनलेही डॉक्टरनं हेच सांगतलं होतं. म्हने, मले भेव लागते. मी तिले घंटाभर अणू समजावला. सारं आयकलं तिनं, पन गेली नाही. तवा निस्तं म्हनाले पाह्यजे होतं, चाल, मी हाओ संगं. आता तुमाले म्हनतो. चला."

आई उठली.

नागपूरला त्या खोलीत एकटीनंच जायचं होतं. दारात चपला काढून आई आत गेली. त्या उचलून घेऊन काका बाकावर बसले. मी विचारलं, "काका, आत नेमकं काय करतात?"

"मंग सांगतो बे. आता बोलू नको." दारावरची नजर त्यांनी हलवली नाही.

थोड्या वेळानं आई बाहेर आली. "काईच तं झालं नाही हो, भाऊजी! समजलंसुदिक नाही."

काकांनी खाली वाकून चपला तिच्या पायांपुढं ठेवल्या, आणि वाकल्या वाकल्याच हमसून रडायला लागले.