एकशे सात टेबलांचा हिंडोळा

पिझ्झाच्या खोक्यात मधोमध एक पांढरं, तीन पायांचं, इवलंसं टेबल येतं. झाकण चीजला चिकटू नये म्हणून. शहाणी माणसं ते खोक्याबरोबर टाकून देतात. मी पहिलं टेबल टाकलं नाही, एवढीच माझी चूक.

ते टेबल उलटं करून मी त्याच्या पायांत लिंबू बसवलं. (लिंबाला बसायला जागा नाही अशी कुणाची तक्रार नव्हती, पण सोय झाली.) मग चार टेबलांवर साबण, दोन टेबलांना टेकवून मोबाइल, असा प्रपंच वाढला. आमच्या विम्याच्या ऑफिसात दर शुक्रवारी पिझ्झे यायचे. बाकीचे तुकड्यांवर तुटून पडायचे, मी टेबलांवर. वर्षभरात एकशे सात जमली. माझी बायको बिनल म्हणायची, "लोक ऑफिसातून पगार आणतात, तू फर्निचर आणतोस."

आता मम्मीचं सांगतो. नडियादच्या आमच्या सोसायटीत बायकांचं कीर्तन मंडळ आहे. श्रावणात रोज एकीच्या घरी ठाकोरजींचा हिंडोळा, म्हणजे बाळकृष्णाचा सजवलेला झोपाळा. रोज नवी सजावट. काजूबदामाचा हिंडोळा, भेंडीकारल्याचा हिंडोळा, एकदा तर बॉलपेनांचा. एकदा झालेली वस्तू पुन्हा चालत नाही. कुणाचा दिवस कुठला, हे तरुलताबेन ठरवतात. मम्मीला त्यांनी सहा वर्षं दारातल्या चपला सांभाळायला ठेवलं होतं आणि यंदा कुठे एक मंगळवार दिला होता.

मम्मीने वेलदोड्यांचा हिंडोळा ठरवला. सोमवारी शेजारणीने वेलदोड्यांचाच केला. मम्मी घरी आली, दोन किलो वेलदोड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा चपलाच.

मला ते बघवेना. मी म्हटलं, मम्मी, तू झोप, हिंडोळा माझ्यावर सोड.

टेबलं साबणाने तीनदा धुतली, वरून गंगाजल शिंपडलं आणि चिकटवत बसलो. खांब झाले, कमान झाली, कमानीवर जाळी झाली. खरं सांगतो, हस्तिदंती वाटत होतं. मम्मीने विचारलं, हे आहे काय? मी सांगितलं, परदेशी औषधांच्या पेटीत येतं. बिनल मला बाजूला घेऊन म्हणाली की पकडला गेलास तर आपली ओळख नाही.

घाबरण्याचं कारण होतं. मंडळाचा नियम एकच: बाहेरचं खायचं नाही. चातुर्मासात नव्हे, जन्मभर. कांदालसूण तर लांबच. आणि मंडळाच्या, मम्मी सोडून, सव्वीस बायकांसमोर मी पिझ्झ्याचं फर्निचर मांडलं होतं.

चार वाजता मंडळ आलं. हिंडोळा बघून पहिल्या रांगेचं कीर्तनच थांबलं. मम्मीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता जे व्हायचं ते होवो.

तरुलताबेन पुढे आल्या. चष्मा लावला. एका टेबलाच्या पायावर नखाने टिचकी मारली. "केयूर बेटा, हे कुठलं?"

मी तोंड उघडायच्या आत मम्मीच अभिमानाने म्हणाली, "औषधाच्या पेटीतलं. परदेशी."

तरुलताबेन बराच वेळ बघत राहिल्या आणि माझ्या लक्षात आलं, यांना माहीत आहे. मग मी मागे बघितलं. सव्वीसच्या सव्वीस जणींना माहीत होतं. पण सांगणार कोण? जी ओळखेल तिने खाल्लेला असणार. एकेक बाई पुढे येऊन निरखायची आणि म्हणायची, बाई, असं काही आम्ही जन्मात पाहिलं नाही. इतक्या जोरात म्हणायची की शेजारच्या सोसायटीला ऐकू जावं.

शेवटी समजुबांना धरून आणलं. वय चौऱ्याऐंशी, कान कामातून गेलेले, भीड त्याआधीच गेलेली. त्यांनी हिंडोळ्याला हात लावला आणि हसल्या.

"अगं तरु, हे तर तुझ्या पिझ्झ्यातलं. बुधवारी तू दिलास ना मला, कांदा वेचून."

हिंडोळ्याची दोरी ओढणारा हात थांबला. ठाकोरजी सुद्धा झुलायचे थांबले.

"चव छान होती," समजुबा म्हणाल्या, "जरा मऊ आण पुढच्या वेळी."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग बांध फुटला. एक म्हणाली, माझ्याकडे बावीस आहेत, फ्रिजमध्ये वाटीवर वाटी ठेवायला. दुसरी कुंड्यांखाली लावते. तिसरी त्यांच्यावर वाती वाळवते. एकीने नातीच्या बाहुल्यांच्या जुन्या घरात जेवणाची खोली थाटली होती. सगळ्या एकदम बोलत होत्या, डोळे पुसत होत्या, मृदंग लवंडला होता. तरुलताबेनही पदर तोंडाला लावून गदगदा हसत होत्या.

हसत नव्हती ती फक्त मम्मी. "म्हणजे औषध नाही?" तिने मला विचारलं. तिला डोळ्यांसमोर चपला दिसत होत्या.

तरुलताबेन सावरल्या. त्यांनी जाहीर केलं की असा हिंडोळा नडियादमध्ये झाला नाही, आणि जन्माष्टमीचा दिवसही मम्मीचाच. मम्मी रडायलाच लागली. बायकांनी टाळ वाजवले.

"पण नियम मोडलाय," तरुलताबेन म्हणाल्या. "प्रायश्चित्त कुणीतरी घ्यायलाच हवं."

सव्वीस जणींनी माझ्याकडे बघितलं. (बिनल सत्ताविसावी.) दिवाळीपर्यंत माझा पिझ्झा बंद, घरचा असो की बाहेरचा, असं ठरलं. संकल्पाचं पाणी माझ्या हातावर मम्मीनेच सोडलं, आनंदाने.

जन्माष्टमीला मम्मीने प्रसाद केला: भाखरीचे पिझ्झे. घरचे, म्हणजे नियमात. प्रत्येक ताटावर झाकण आणि झाकण चिकटू नये म्हणून मधोमध एकेक टेबल. ताटं मी वाढली. रिकामी टेबलंही मीच उचलली. समजुबांना माझी दया आली. त्यांनी आपलं टेबल माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली.

"एका पायाला चीज लागलंय," त्या कुजबुजल्या.

त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते. मी सव्वीस जणींच्या समोर ते टेबल धुवायला घेऊन गेलो.