गांगुर्ड्यांची काचेची खोली

शेजारचे गांगुर्डे भाऊजी रोज दुपारी दोनला कुंपणापाशी येऊन मला हाक मारायचे. “वहिनी, आकडा बघायला या!”

सगळं आवरून माझी नुकती कुठं पाठ टेकलेली असायची. मी उठायची, चपला अडकवायची आणि चरफडत त्यांच्याकडं जायची. आकडा म्हणजे थर्मामीटरचा. तापाचा नव्हे, शाळेच्या प्रयोगशाळेतला, लाकडी पट्टीवर बसवलेला. तो त्यांच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असायचा. मी तो वाचायचा, मोठ्यानं सांगायचा, मग ते वहीत लिहून घ्यायचे.

“तुम्हाला काय डोळे नाहीत?” मी एकदा विचारलं.

“आहेत. पण साक्षीदाराशिवाय निरीक्षण खरं धरत नाहीत, वहिनी. माणूस आपल्या सोयीचं बघतो. आकडा बोलतो, माणूस बरळतो.”

माझं शिक्षण चौथी. आकडे वाचता येतात, आणि बरळणारा माणूसही ओळखता येतो.

ही गोष्ट गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला आमची वसाहत नवी होती तेव्हाची. आजूबाजूला मळे होते, नळाला तासभर पाणी यायचं. भाऊजी हायस्कुलात प्रयोगशाळेचे मदतनीस होते. काचेच्या नळ्या धुणं आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळणं हे त्यांचं काम. मुलं त्यांना सर म्हणायची आणि ते कधी नको म्हणायचे नाहीत. रिटायर झाले तेव्हा शाळेनं नारळ दिला आणि तो थर्मामीटर दिला. नारळाची बर्फी झाली. थर्मामीटर आमच्या बोकांडी बसला.

त्यांची बायको यमुना. भाऊजींसारखीच तीही सटाण्याकडची आणि माझं माहेरही तिकडचंच. त्यामुळं आमचं नळावर जमायचं. जमायचं म्हणजे भांडायला जमायचं. अख्ख्या वसाहतीत माझ्या तोडीस तोड बोलणारी ती एकटीच. मग तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आतल्या अंधाऱ्या खोलीत खाटेवर पडून ती भिंतीकडं तोंड करायची आणि भरवायला गेलं की दात आवळायची.

त्याच सुमाराला शाळेनं जुन्या खिडक्या काढून नव्या बसवल्या. भाऊजींनी जुन्या हातगाडीवर घालून घरी आणल्या आणि पुढच्या ओट्यावर खोली बांधली. भिंती काचेच्या, वर छप्परही काचेचं. यमुनेची खाट तिथं टाकली. तिथून सगळी गल्ली दिसायची. भाजीवाली, सायकली, आमचा ओटा, सगळं. थंडीत तर ती खोली अशी उबदार की मलाही हेवा वाटला. यमुना तोंड वळवून बाहेर बघायला लागली, जेवायला लागली. मी म्हटलं, “भाऊजी, घर बांधलंत का बरणी? बायकोचा मुरांबा करताय?”

मुरांबा मार्चमध्ये व्हायला लागला. दुपारी आत एक्केचाळीस. ते तिला उचलून अंधाऱ्या खोलीत नेत, की तिनं भिंतीकडं तोंड केलंच.

पुण्याहून अशोक आला. त्यांचा मुलगा. आईच्या पाठीवर घामोळं बघून कडाडला, “दादा, तुम्ही आईला भाजताय! मी तिला पुण्याला नेतो.”

“तुझ्या खोलीला खिडकी आहे?”

“आहे की.”

“तिच्यातून दिसतं काय?”

“शेजारची भिंत. पण गार आहे.”

शेवटी ठरलं असं. एप्रिलअखेर अशोक पुन्हा येईल. भर दुपारी आकडा सदतीसच्या आत आला, तर आई इथं. नाही तर पुण्याला. सदतीस का, तर अंगाची उष्णता तेवढी असते, खोली अंगापेक्षा गार पाहिजे, असं भाऊजींचं शास्त्र. नवं छप्पर घालायची ऐपत नव्हती. जे काय करायचं ते फुकटात नाही तर स्वस्तात.

पहिला प्रयोग चुन्याचा. चुन्यात खळ कालवून त्यांनी शिडीवरून सगळं छप्पर पांढरं केलं. मी आकडा वाचला, “एकोणचाळीस.” भाऊजी शिडीवरच नाचले. तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला आणि सगळा चुना वाहून कुंपणापलीकडं माझ्या उडदाच्या पापडांवर आला. दोनशे पापड! मी त्यांच्या ओट्यावर जाऊन अर्धा तास बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील. बोलताना काचेच्या खोलीतून खरखर आवाज आला. मला वाटलं मांजर असेल.

दुसरा प्रयोग गोणपाटाचा. बाजारातून फुकट मिळाली म्हणून भाऊजींनी गोणपाटं आणली, छपरावर पसरली आणि भिजवली. गोणपाटं निघाली गुळाची. छपरावरून गोड पाणी ठिबकायला लागलं आणि पंचक्रोशीतले मुंगळे जेवायला आले. ते कुंपण ओलांडून माझ्या पिठाच्या डब्यात.

“भाऊजी, वास तरी घ्यायचा होता!”

“सर्दी होती, वहिनी. पण आकडा अडतीस आला. खरं शे ते खरं शे!” चिडले किंवा खूश झाले की ते आमच्याकडचं, ‘आहे’ला ‘शे’ असं बोलायचे.

“अडतीस शे आणि माझ्या पिठात काय शे, ते या बघायला!”

तिसरा प्रयोग सगळ्यात भारी. चहाच्या पेट्यांना आतून चंदेरी कागद असतो, तो त्यांनी वाण्याकडून गोळा केला आणि चकाकती बाजू वर करून छपरावर चिकटवला. ऊन परतून सरळ माझ्या स्वयंपाकघरात. भाकरी थापताना मला दिसेना. मी ओरडले तसे ते थर्मामीटर घेऊन माझ्याकडंच धावत आले. चुलीपासून लांब तो धरला, पाच मिनिटं उभे राहिले आणि आनंदानं म्हणाले, “तीन डिग्री वाढलंय! म्हणजे आमच्याकडचं कुठं गेलं ते कळलं!”

त्या दिवशी मी लाटणं घेऊन त्यांच्या घरापर्यंत गेले. कागद काढायला लावला.

मग चार दिवस मी माहेरी गेले. भावानं आणखी एक कांदाचाळ घातली होती. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन, पण चाळीपाशी उभं राहिलं की झुळूक लागायची. वर उसाचं पाचट, कुडाला फटी, खालून वारा शिरतो आणि वरून निघून जातो. कांदा तिथं महिनोन् महिने टिकतो. मी तिथं उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

परत आले तेव्हा एप्रिल संपायला आठ दिवस होते. भाऊजी ओट्यावर डोकं धरून बसले होते. दाढी वाढली होती.

मी म्हटलं, “तुम्ही सटाण्याकडचे ना? मग कांदा कधी काचेत कोंडून ठेवतात का?”

“काय म्हणता?”

“बायकोला कांद्याएवढी तरी किंमत द्या. वरच्या दोन काचा काढा, खालच्या खिडक्या उघडा. वारा खालून वर जाऊ दे. आणि छपरावर बांबू बांधून त्यावर पाचट घाला. काचेला टेकवू नका, मध्ये हातभर मोकळं सोडा. ऊन पाचटानं खायचं, उरलेलं वाऱ्यानं न्यायचं.”

त्यांनी वही उघडली. “याला शास्त्रीय आधार?”

“माझा भाऊ. दहा वर्षांत त्याचा कांदा सडला नाही.”

पाचट मळेवाल्यानं फुकट दिलं. बांबू माझ्या मांडवाचे. दोन दिवस भाऊजी वर आणि मी खालून शिव्या देतेय, असं काम झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी खिळ्यापाशी गेले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. “पस्तीस.”

भाऊजींनी लिहिलं नाही. पेन्सिल हातात धरून नुसते उभे राहिले.

अशोक आला. घामोळं गेलेलं पाहिलं, आकडा पाहिला, तरी म्हणाला, “आई, येतेस ना पुण्याला?” यमुनेनं डाव्या हातानं खिडकीची चौकट धरली आणि तो जाईपर्यंत सोडली नाही. पोरगा शहाणा, समजला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. छप्पर झालं, पुणं टळलं, मी मोकळी. तरी हाक रोज दोनला यायचीच. मी जायची, “पस्तीस” म्हणायची आणि लगेच घरी. खोट काढायला काही राहिलंच नव्हतं.

असेच पंधरा दिवस गेले. एक दिवस ते औषध आणायला निघाले आणि म्हणाले, “वहिनी, आजचं तुम्हीच लिहा. वही उशापाशी आहे.”

मी आकडा वाचला, वही उघडली. लिहायला पान शोधताना मागचं वाचलं. अक्षर मोठं होतं, अडखळायला झालं नाही.

“चुना. ३९. वहिनींचे पापड गेले. वहिनी अर्धा तास बोलल्या. ही हसली. आजारानंतर प्रथमच.”

“गोणपाट. ३८. मुंगळे. वहिनी बोलल्या. ही दोनदा हसली.”

“चंदेरी कागद. ३८. वहिनी लाटणं घेऊन आल्या. ही इतकी हसली की ठसका लागला. पाणी पाजलं.”

पुढं चार दिवस आकडाच नव्हता. “वहिनी माहेरी. निरीक्षण नाही. ही जेवली नाही.”

आणि कालचं. “३५. बिघाड काही नाही. वहिनी बघून लगेच गेल्या. ही कुंपणाकडं बघत राहिली.”

मी वही मिटली. खाटेवरून यमुना माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मला असलं काही जमत नाही.

फाटक वाजलं. भाऊजी पिशवी घेऊन आत आले आणि म्हणाले, “किती आला आकडा?”

मी पदर खोचून छपराकडं बोट केलं. “आकडा गेला चुलीत! हे पाचट बांधलंय का म्हशीनं चघळून टाकलंय? ती गाठ बघा! माझे चांगले बांबू वाया घालवलेत! शाळेत तीस वर्षं काय नुसत्या बाटल्याच धुतल्यात?”

भाऊजी घाबरून वर बघायला लागले. गाठ चांगली होती. मीच बांधायला लावली होती.

माझ्या मागं खाटेवर खरखर सुरू झाली. मी आवाज आणखी चढवला. आकडा त्या दिवशी वहीत कोणी लिहिला नाही.