चंबू क्रमांक सातचा उपास

आमच्या प्रयोगशाळेतल्या चंबू क्रमांक सातमधल्या शेवाळानं माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली, की मी त्याच्यादेखत डबा खाते. तक्रार काचेच्या आतल्या बाजूनं, हिरव्या अक्षरांत होती. परिचर लांजेवारभाऊंनी ती कागदावर उतरवून घेतली, आवक क्रमांक टाकला आणि माझ्या मार्गदर्शक कापगते मॅडमच्या टेबलावर ठेवली.

हे शेवाळ, आमच्या बोलण्यात नुसतं 'सात', मी भंडाऱ्याजवळच्या एका तलावातून आणलं होतं. नायट्रेट दिलं नाही की ते उपाशी राहतं आणि अंगात तेल साठवतं. त्या तेलात कोणती मेदाम्लं आहेत ते यंत्र सांगतं. शेवाळाचं नाव मात्र सूक्ष्मदर्शकाखाली माणसालाच ओळखावं लागतं, आणि तक्रार केल्यापासून ते काचपट्टीवर पाठ फिरवून बसत होतं. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. तिसरी मुदतवाढ संपत आली होती. नावाचा रकाना कोरा असता तर पाच वर्षं पाण्यात गेली असती.

सुनावणी मंगळवारी झाली.

"सरोज, डब्याचं खरं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. पण दुसरीकडे बसायला जागा नाही."

"डब्याचं तेवढं नाही जी," लांजेवारभाऊ काचेवरचं वाचत म्हणाले. "ते म्हणते, उपाशी ठेवलं त्याचं काही नाही. पहिल्या दिवशी आम्ही विचारलं, आज जेवण काहून नाही? ताई म्हणाल्या, आज गुरुवार, माझाही उपास आहे. म्हणून आम्ही गुमान राहिलो. अन् एक वाजता ताईंनी साबुदाण्याची खिचडी काढली."

"दाण्याचा कूट घालून?" मॅडमनी विचारलं.

"वरून तूप बी होतं म्हणते."

उपासाला खिचडी चालते, हे मी चंबूला समजावून सांगू लागले. दोन वाक्यांतच माझी मला लाज वाटली.

मॅडमनी निकाल दिला. बुधवार आणि गुरुवार मी सातशेजारी बसून त्याच्यासारखाच उपास करायचा, फक्त पाणी आणि उजेड. मग ते तोंड दाखवेल. सातला हे मान्य होतं.

बुधवार निभावला. गुरुवारी दुपारी चंबूतलं शेवाळ हिरव्याचं पिवळसर झालं होतं, आणि मी गॅलरीत जाऊन पर्समधला शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. त्याच्यादेखत नाही खाल्ला, असं मी स्वतःला बजावलं. तोंड धुतलं, हात रुमालाला पुसले आणि परत येऊन त्याच्याशेजारी बसले.

संध्याकाळी ते काचपट्टीवर सरळ बसलं. चार पेशी एका रांगेत, कडेच्या दोघींना दोन-दोन काटे. सीनडेस्मस. मी नाव लिहिलं. मग सातनं विनंती केली, की दोघांनी बरोबरीनं उपास केला आहे, तर ताईचंही तेल तपासावं. नियमात बसत होतं. लांजेवारभाऊंनी माझ्या बोटांवरून कापसाचा बोळा फिरवला.

यंत्रातून दोन कागद निघाले. सातचा कागद उत्तम होता. माझ्या कागदावर अरॅकिडिक आम्ल होतं. ते शेंगदाण्यात असतं.

"वाचून दाखवू का जी त्याला?" लांजेवारभाऊंनी हळूच विचारलं.

मी नको म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "वाचा."

त्यांनी वाचलं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मग नवा अर्ज उमटला, फिकट पिवळ्या अक्षरांत.

'ताईला एवढी भूक लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तक्रार मागे घेत आहोत. आम्हाला नायट्रेट काम होईपर्यंत नाही दिलं तरी चालेल. ताईला मात्र वेळेवर जेवू घालावं, आणि आमच्यासमोर, म्हणजे जेवली की नाही ते आम्हाला कळेल.'

अर्ज मंजूर झाला. प्रबंधही शुक्रवारी वेळेत गेला.

आता मी रोज एक वाजता सातसमोर बसून डबा उघडते. पोळी अर्धी ठेवली की काचेवर उमटतं, 'अजून थोडं घे.' लांजेवारभाऊ आवक क्रमांक टाकतात आणि मी खाली मान घालून उरलेली पोळी संपवते.