प्राचीचं आठवं प्रकरण

मुलांशी कसं वागावं याचा सल्ला घ्यायला लोक सुभाषकडे येत. म्हणजे येत नसत, पण महापेच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलावर बसलेल्यांना डबा अर्धा टाकून उठता येत नसे, म्हणून ते ऐकून घेत.

"धनेश, बाप म्हणून वागू नकोस, मित्र हो," पोळीचा तुकडा भाजीत बुडवत सुभाष सांगे. "आमची प्राची सोळा वर्षांची आहे. मला ठाऊक नाही अशी तिची एक गोष्ट दाखव."

धनेश कुठून दाखवणार? त्याचा स्वतःचा मुलगा त्याच्याशी फक्त रिचार्ज संपल्यावर बोलत असे.

सुभाषची पद्धत सोपी होती. संध्याकाळी घणसोलीच्या घरी पोचला की तो प्राचीला विचारी, "काय चाललंय?" प्राची म्हणे, "काही नाही." मग तो बूट काढी. आपलं काही चाललेलं नाही हे मुलगी स्वतःच्या तोंडाने रोज सांगत असताना बापाने आणखी करायचं तरी काय?

खरं तर बरंच काही चाललं होतं. दहावीची परीक्षा संपल्यापासून प्राची 'पानोपान' नावाच्या ऑनलाइन मंडळात रमली होती. करंजाड्याची निशिगंधा, तळवलीचा हरेश, नेरूळचा विश्वजित आणि ही. चौघांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, पण पुस्तकांवरून ती सख्ख्या भावंडांसारखी भांडत. एकच कादंबरी जोडीजोडीने वाचायची आणि थोडं वाचून झालं की थांबून बोलायचं, असा त्यांचा क्रम. नियम एकच. मंडळात इंग्रजी शब्द वापरायचा नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्याने स्वतःच्या आवाजात बडबडगीत म्हणून सगळ्यांना पाठवायचं. विश्वजितला दोनदा गावं लागलं, तेव्हापासून सगळ्यांच्या जिभा सरळ झाल्या. 'चॅप्टर' हद्दपार झाला आणि त्याच्या जागी चांगला घरचा शब्द आला, प्रकरण.

एवढं सुभाषला ठाऊक असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

शनिवारी दुपारी तो गॅलरीत वाळलेली बनियन काढायला गेला. आत खिडकीपाशी प्राची निशिगंधाशी फोनवर बोलत होती.

"माझी सात प्रकरणं झाली गं. पाच हरेशबरोबर. मग तो घरच्या लग्नात अडकला, म्हणून दोन विश्वजितबरोबर उरकली."

बनियन सुभाषच्या हातातून सुटली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीवर जाऊन पडली.

"पहिलं फारच रटाळ. तिसऱ्यात मी खूप रडले. आणि चौथ्यात तर तो मेलाच. छे, मला नाही वाईट वाटलं. मरायलाच हवा होता."

सुभाषने गॅलरीचा कठडा धरला. त्याच्या ऑफिसात पंधरा वर्षांत मिळून एक प्रकरण झालं होतं, आणि त्यावर लोक अजून जेवणाच्या सुट्ट्या काढत होते. इथे सोळा वर्षांची पोर सात करून बसली होती, आणि त्यातला एक जण वारला होता.

"आठवं उद्या," प्राची म्हणाली. "तळवलीला, हरेशच्या घरी. सगळ्यांसमोर."

पहिला विचार त्याच्या मनात आला तो फोन काढून घेण्याचा. उद्याचं जाणं बंद, मैत्रिणी बंद, खिडकीसुद्धा बंद. पण मग धनेशला सांगितलेल्या गोष्टींचं काय? आपण मित्र आहोत, तर मित्रासारखं बोललं पाहिजे. तो घसा साफ करून आत गेला.

"प्राची, मला सगळं कळलंय. तुझी प्रकरणं."

त्याला वाटलं होतं पोरगी रडेल, निदान मान तरी खाली घालेल. तिचा तर चेहरा उजळला.

"खरंच बाबा? मग सांगा, सात म्हणजे कमी आहेत का हो? निशिगंधाची अकरा झाली."

"अकरा? तिच्या वडिलांना माहितीये?"

"त्यांनीच तर नाद लावला तिला. लहानपणापासून."

सुभाष पलंगाच्या कडेवर टेकला.

"माझं वर्षभर एकही झालं नाही," प्राची म्हणाली. "दहावी होती ना. आता सुट्टीत भरून काढतेय."

"आणि तो चौथ्यातला... तो कसा गेला?"

"ते नाही सांगणार. तुमची मजा जाईल."

"आईला माहितीये यातलं?"

"आईच म्हणाली, नुसता फोन बघत बसू नकोस, रोज एक तरी प्रकरण पुरं कर."

सुभाष उठला आणि स्वयंपाकघरात गेला. मीना मिक्सरमध्ये खोबरं वाटत होती. तिने बटण बंद करेपर्यंतही त्याला धीर नव्हता.

"पोरीला रोज एक प्रकरण करायला तू सांगितलंस?" तो मिक्सरच्या वरताण ओरडला.

"हो, मीच. त्यात काय वाईट आहे?" मीना म्हणाली. "तिच्या वयाची असताना मी सुट्टीत दिवसाला चार-चार संपवत असे."

मिक्सर थांबला, पण सुभाषच्या कानातली घरघर चालूच राहिली.

"लग्नाआधी?"

"मग काय लग्नानंतर? तुमच्या घरात आल्यापासून एक तरी धड पुरं झालंय का माझं? जरा कुठे रंगात आलं की तुमच्या आईंची हाक यायची."

सुभाष माठाकडे वळला. त्याने माठातलं पाणी घेतलं, ते न पिताच परत ठेवलं आणि हॉलमध्ये येऊन बंद टीव्हीसमोर बसला. घरातून काही आशा उरली नव्हती. आता त्या हरेशच्या घरच्या वडीलधाऱ्यांच्या पायाशी जायचं आणि पोरीला यातून सोडवून आणायचं, एवढंच त्याने ठरवलं.

रविवारी सकाळी त्याने आपणहून प्राचीला स्कूटरवर बसवलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. तळवलीत हरेशचं घर शोधावं लागलं नाही. खाली स्वतः राहायचं आणि वरचे मजले भाड्याने, असं गुलाबी रंगाचं घर, आणि ओटीवर हरेशचे आजोबा गोटीराम पाय पसरून बसलेले. प्राची चपला काढून आत पळाली. सुभाष ओटीवरच थांबला.

"बसा," गोटीराम म्हणाले. "काय काम काढलात?"

"आजोबा, स्पष्टच बोलतो. तुमच्या हरेशचं माझ्या मुलीबरोबर प्रकरण आहे. एक नाही, पाच."

गोटीरामनी पसरलेले पाय आखडून घेतले.

"परकरन? प्लाटाचा?"

शहर वसलं तेव्हा त्यांची भातशेती गेली होती आणि तिच्या बदल्यात मिळायचा प्लॉट वारसांच्या भांडणात अडकून पडला होता. गोटीराम तरुण होते तेव्हापासून त्या घरात प्रकरण म्हणजे प्लॉटचं प्रकरण, दुसरं कुठलं नाही.

"प्लॉट नाही हो. मी पोरांचं बोलतोय."

"पोरांची पन नावा घुसवलीन?"

"अहो, तुमच्या नातवाने माझ्या मुलीला गुंतवलंय यात."

"म्हनजे तुमची पोर पन वारस हाय?" गोटीराम उठून उभे राहिले आणि त्यांनी आत बायकोला हाक मारली. "पुतले, भायेर ये जरा. ह्यो आनखी येक आलाय हिस्सा मांगाला."

पुतळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी सुभाषला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. असे वारस त्यांनी बरेच पाहिले असावेत.

"आदी पानी तं पिऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "हिस्सा मंग मांगल."

"मला हिस्सा नको आहे," सुभाष काकुळतीला येऊन म्हणाला.

"मंग सही द्या तशी," गोटीराम म्हणाले.

एवढ्यात आतून एक किडकिडीत, चश्मेवाला मुलगा आला. हाच हरेश. त्याच्या हातात जाड पुस्तक होतं आणि पान हरवू नये म्हणून त्याने मधे बोट घातलं होतं.

"आज्या, काय झाला?"

"ह्यो बोलतंय, याचे पोरीचे पाच परकरनान तू हाय."

"हाय ना," हरेश म्हणाला. मग सुभाषकडे वळला. "पाच मी वाचली काका तिच्याबरोबर. पुढची दोन विश्वजितने. आजचं आम्ही सगळे एकत्र वाचणार आहोत."

आणि त्याने पुस्तक उघडून धरलं. पानाच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, 'प्रकरण आठवे'.

सुभाषने ते दोन शब्द पुन्हापुन्हा वाचले. मग पुतळाबाईंच्या हातातला तांब्या घेऊन वरूनच घटाघटा प्यायला. सात प्रकरणं, निशिगंधाची अकरा, चौथ्यातला मेलेला आणि मीनाची सुट्टीतली दिवसाला चार, सगळं एकदम डोक्यात जागच्या जागी बसलं. त्याला हसू येत होतं आणि हसलो तर रडू येईल असंही वाटत होतं.

"मंग प्लाटाचा काय?" गोटीरामनी विचारलं.

"प्लॉटाचं काही नाही, आजोबा. तुमचा प्लॉट तुमचाच."

पण हरेश अजून त्याच्याकडेच पाहत होता.

"काका, म्हणजे तुम्ही प्राचीचे बाबा?" त्याने खाली वाकून नमस्कारच केला. "ए निशिगंधा, विश्वजित, बाहेर या. प्राचीचे बाबा आलेत. ते हजार पुस्तकंवाले."

आतून दोन मुलं धावत आली. त्यांच्या मागे प्राची दारात येऊन थांबली.

"काका, तुम्ही तिला लहानपणापासून रोज वाचून दाखवता ना?" निशिगंधाने विचारलं. "आणि जेवताना तुम्ही दोघं पुस्तकांवरच बोलता. मी आमच्या पप्पांना सांगितलं तर ते बोलले, असा माणूस बघायला पाहिजे."

"आमच्याकडे कोण बोलतच नाय," विश्वजित म्हणाला. "प्राची तुमच्याबद्दल सांगते तेव्हा आम्ही सगळे जळतो."

सुभाषने आयुष्यात शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक म्हणजे फ्रिजबरोबर आलेली माहितीपुस्तिका. तीही फ्रिज बिघडल्यावर. त्याने प्राचीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ही पोरं तिची पहिली खरी मित्रमंडळी होती आणि त्यांना तिने बापच बनवून सांगितला होता, जेवताना बोलणारा. सुभाष एक वाक्य खरं बोलला असता तर त्या ओटीवरच सगळं संपलं असतं. आदल्या दिवशीचा सगळा धक्का एकीकडे आणि हा एकीकडे.

"हजार नाही," तो म्हणाला.

प्राचीने मान खाली घातली.

"मागच्या दिवाळीत अकराशे झाली."

त्यानंतर सुटका नव्हती. आठवं प्रकरण काकांनीच वाचायचं असं मुलांनी एकमताने ठरवलं. सुभाष जोडाक्षराला अडखळे, तिथे मुलांना वाटे काका मुद्दाम थांबतायत. एका लांबलचक शब्दापुढे तो इतका वेळ गप्प बसला की निशिगंधाने डोळे पुसले. गोटीरामनी खुर्ची जवळ ओढली, कारण गोष्टीत एक विहीर होती आणि त्या विहिरीवर भावाभावांचा वाद चालू होता. वाचून झालं तेव्हा सुभाषचा शर्ट घामाने चिकटला होता आणि प्राची त्याच्या शेजारी येऊन बसली होती.

परत येताना स्कूटर ठाणे-बेलापूर रस्त्याला लागली.

"सॉरी बाबा," मागून प्राची म्हणाली.

"हजार कशाला सांगितलीस? शंभर सांगायची होतीस."

"शंभर सांगितली असती तर त्यांनी नावं विचारली असती."

हे बरोबर होतं. सुभाषला पोरीचं कौतुक वाटलं. तो बराच वेळ आरशातून तिच्याकडे पाहत राहिला. आपल्याला हिच्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं हे आता कबूल करायला त्याची हरकत नव्हती. उद्यापासून जेवताना बोलायचं, हेही त्याने मनात पक्कं केलं. मग त्याला एक शंका आली.

"आणि आईबद्दल काय थाप मारलीयस?"

"आईबद्दल थाप मारावी लागली नाही. ती खरंच वाचते. रोज."

"मीना? मी तर तिच्या हातात कधी पुस्तक पाहिलं नाही."

"पुस्तक कुठे म्हटलं मी?" प्राची म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात की ती तुमचा फोन वाचते. मागचं-पुढचं सगळं."

सुभाषने करकचून ब्रेक दाबला, स्कूटर कडेला घेतली आणि शर्टाचे, पँटचे सगळे खिसे चाचपले. फोन घरी चार्जिंगला लावलेला होता.